टेकडीवर कोणीच नव्हतं

"ओ निळ्या कोटवाले काका! सावली! तुमची सावली नवरीच्या तोंडावर पडतेय. मागे व्हा. अजून मागे. अजून. हां, आता थेट घरी गेलात तरी चालेल!"

लग्नात हा आवाज कानावर आला की समजायचं, माझी आत्या कामाला लागली. आवाज सायकलच्या घंटीसारखा आणि शेवटचा शब्द नेहमी नाकात. मी तिची नक्कल केली की अख्खी गल्ली हसते. फक्त आत्या हसत नाही. म्हणते, "नाक कमी लाव गं, मी काही एवढी नाकात बोलत नाही." आणि हेही नाकातच म्हणते.

बस थांब्यासमोर तिचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, निळा पडदा, डगमगणारं स्टूल आणि आरशाजवळ सुतळीने बांधून ठेवलेला कंगवा. कंगवा बांधलेला कारण गिऱ्हाइकं फोटो काढून झाला की तो खिशात घालून जायची. लग्नाचं शूटिंग, ओळखपत्राचे फोटो, बारशाचे, निवृत्तीचे, मिळेल ते काम. स्वतः मात्र लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, "इतकी लग्नं अगदी जवळून बघितली की पोट भरलं."

पण हे झालं पोटाचं. तिचं खरं काम वेगळंच होतं. त्याला ती नुसतं 'आपलं काम' म्हणायची.

आमच्या लोकांची मूळ घरं टेकडीवर. समुद्रापलीकडून टोपीवाले आले, त्यांनी टेकडी मोजली, नकाशा काढला आणि आमच्या पणज्यांना खाली रुळांशेजारच्या चाळीत आणून कोंबलं. पुढे टोपीवाले गेले. नकाशा राहिला, आणि आम्हीही रुळांशेजारीच राहिलो. टेकडीवर काय होतं, कोण कुठे राहायचं, पाण्याचा झरा कुठल्या बाजूला होता, हे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात उरलेलं. आत्या लग्नं नसतील तेव्हा कॅमेरा खांद्याला लावून या म्हाताऱ्यांच्या घरी जायची. स्टँड नाही, दिवा नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "बोला. मी कुठे पळत नाहीये."

तिचा एक कायदा होता. जे काढलं, ते आधी त्या माणसाला त्याच्याच घरी दाखवायचं. भिंतीवर चादर लावायची, घरच्यांना गोळा करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवायचं. त्याने 'राहू दे' म्हटलं तर राहिलं. 'पूस' म्हटलं की तिथल्या तिथे, त्याच्या डोळ्यांसमोर पुसायचं. आणि 'राहू दे' म्हणेपर्यंत कुठेही दुसरी प्रत करायची नाही. संगणकात नाही, पेटीत नाही, कुठेच नाही.

हा कायदा कुठून आला हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आत्या लहान असताना बाहेरून एक फिल्मवाला आला होता. माझे आजोबा नुकतेच गेले होते. आजी रडत होती. त्या गृहस्थाने कॅमेरा लावला, थोडं काढलं, मग आकाशाकडे बघून म्हणाला, "बाई, ढग आला होता. पुन्हा एकदा रडाल का?" आणि आजी, बिचारी, पुन्हा रडली. त्याचा मान राखायला. काही वर्षांनी शाळेत पडदा लावून तीच फिल्म दाखवली. आजी पडद्यावर रडतेय आणि वरून एक भारदस्त आवाज सांगतोय, "या साध्याभोळ्या लोकांना मृत्यूचं दुःख फार काळ टिकत नाही." तो आवाज मला अगदी हुबेहूब काढता येतो. घशात गरम बटाटा धरल्यासारखा. पण तो काढला की बाबा खोलीतून उठून जातात.

तर एका खाणकंपनीला टेकडी हवी होती. टेकडीच्या पोटात खनिज आहे म्हणे. आमच्या लोकांनी हरकत घेतली, सुनावणी लागली. सरकारी कचेरीतल्या लांबलचक खोलीत आम्ही सगळे मागच्या बाकांवर. पुढे कंपनीच्या वकीलबाई. त्यांचं बोलणं म्हणजे इस्त्री केलेलं, कुठे सुरकुती नाही. "आदरपूर्वक निदर्शनास आणू इच्छिते, की टोपीवाल्यांच्या काळापासून ही टेकडी निर्मनुष्य आहे. नकाशात तसंच लिहिलेलं आहे. आणि आमच्याकडे चित्रफीतही आहे."

चित्रफीत लावली. जुनी, काळीपांढरी, मुकी. टेकडी. गवत वाऱ्याने हलतंय. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरतो. माणूस नाही, घर नाही, कोंबडी नाही. मग पाटी येते, 'ओसाड टेकडी, पूर्वेकडून'. संपलं.

माझ्या बाजूची म्हातारी पुटपुटली, "खरंच की, कोणीच नाही." जणू आपण स्वतःच खोटं बोलत होतो.

आत्या एकदम उठली. "पुन्हा लावा."

"कशासाठी?" अधिकारी म्हणाले. त्यांना प्रत्येक वाक्याआधी चष्मा वर सरकवायची सवय.

"लावा तर खरं."

पुन्हा लावली. आत्या पडद्याजवळ गेली आणि खालच्या काठावर बोट ठेवलं. गवतावर काळे डाग होते. गोल गोल, एकाला एक लागून, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे काय आहे?"

"जुनी फीत आहे, डाग असणारच," वकीलबाई म्हणाल्या.

"डाग फितीवर असते तर लुकलुकून गेले असते. हे गवतावरच आहेत, आणि हलताहेत. ही डोकी आहेत हो! सावल्या आहेत. मी जन्मभर लोकांना 'सावली येतेय' म्हणून मागे सारत आलेय, मला नका शिकवू. कॅमेऱ्याच्या मागे माणसं उभी आहेत. सूर्य त्यांच्या पाठीशी आहे."

अधिकाऱ्यांनी चष्मा वर सरकवला. "असेल. पण सावलीला नाव नसतं, बाई. कोणाच्या सावल्या, तिथे का उभ्या होत्या, हे सांगणारं कोणी असेल तर आणा. पुढच्या तारखेला."

सांगणारं एकच माणूस उरलं होतं. शिंपी आजोबा.

आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची खोली. गुडघे गेलेले, त्यामुळे यंत्रापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून यंत्रापर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास. पण जीभ कात्रीसारखी. मी गेले की म्हणायचे, "आली का रेडिओ! आज कोणाचं स्टेशन लावतेस?" आणि मी वकीलबाई लावल्या की टाळी द्यायचे. कचेरीत येणं त्यांना शक्य नव्हतं, पण येऊ न शकणाऱ्यांचं चित्रीकरण चालेल असं अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं.

आत्या समोर मांडी घालून बसली. दारातून ऊन येत होतं. आजोबा तोंडातली टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचत म्हणाले, "मी बोलू काय? मला तर फक्त मापं घेता येतात."

"आजोबा, टोपीवाल्याने टेकडीची फिल्म काढली तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो म्हणजे काय! एवढासा होतो. चड्डी नव्हती माझ्या अंगावर, हे ठेवशील का कापशील?"

"तुम्ही सांगाल तसं."

"मग ठेव." आणि ते बोलायला लागले.

टोपीवाला सकाळी आला, तीन पायांच्या पेटीसकट. बरोबर दुभाष्या. दुभाष्या म्हणाला, साहेबांना टेकडीचं चित्र काढायचंय, सगळ्यांनी पेटीच्या मागे या. बायाबापड्या, पोरं, लंगडा चुलता, सगळे आले. गंमतच वाटली. मग साहेबाने पेटीला डोळा लावला आणि काहीतरी ओरडला. दुभाष्या म्हणाला, धूर दिसतोय, चुली विझवा. बायका पळत गेल्या, चुलींवर पाणी ओतून आल्या. मग म्हणाला, गुरं दिसताहेत, हाका. हाकली. घरं दिसताहेत म्हटल्यावर साहेबाने पेटीच उचलली आणि झाडाच्या दुसऱ्या बाजूला नेली, आणि आम्ही सगळे तिच्या मागोमाग, मिरवणुकीसारखे.

"आईने मला कडेवर घेतलं होतं. मी विचारलं, आई, आपण यात दिसणार का? ती म्हणाली, गप, हलू नकोस, साहेबाचं काम बिघडेल." आजोबांनी गादीतली टाचणी काढून पुन्हा तिथेच खोचली. "अख्खं गाव श्वास धरून उभं होतं गं. त्याला रिकामी टेकडी मिळावी म्हणून. आणि पुढच्या पावसाळ्याआधी शिपाई आले. म्हणाले, इथे कोणी राहत नाही असं लिहिलंय, मग तुम्ही कोण? माझी आई खाली यायला तयार नव्हती. ती तिथेच आहे. झऱ्याच्या वरच्या अंगाला, सपाट दगडाखाली."

आत्याने कॅमेरा बंद केला. घरी आल्यावर बाबांना म्हणाली, "आता बघू सावलीला नाव कसं नसतं ते." त्या आठवड्यात ती लग्नातही गाणी गुणगुणत होती. तिला गाता येत नाही, हे सांगायला नकोच.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी दाखवणं ठरलं. बाबांनी भिंतीवर चादर ठोकली. बाबा आत्याचे धाकटे भाऊ, गोदामात हमाली करतात, बोलणं कमी. आजोबा खाटेवर टेकून बसले. आणि दारात त्यांचा नातू उभा होता. कडक गणवेशात. खांद्यावर कंपनीची पट्टी. टोपी हातात.

"हे कधी?" बाबांनी विचारलं.

"सोमवारपासून. टेकडीच्या फाटकावर. पहारा." नातवाने टोपीकडे बघत सांगितलं. आजवर त्याला कुणी काम दिलं नव्हतं.

फिल्म सुरू झाली. सुरुवातीला आजोबा खूष. "हा म्हातारा कोण? ह्याला दाढी करायला सांगा कोणीतरी!" चड्डीच्या वाक्याला स्वतःच खो खो हसले. मग चुली विझल्या, गुरं हाकली, आई बोलली, सपाट दगड आला. चादरीवरचे आजोबा बोलत होते आणि खाटेवरचे आजोबा नातवाच्या खांद्यावरच्या पट्टीकडे बघत होते.

फिल्म संपली. बाहेरून मालगाडी गेली, तिचे डबे एकेक करून संपले.

"पूस," आजोबा म्हणाले.

आत्याला वाटलं, चड्डीचं वाक्य. "तेवढंच ना? काढते की."

"सगळं."

"आजोबा, उद्या सुनावणी आहे."

"मला ठाऊक आहे काय आहे ते. पूस."

"कोणी काही बोललं का तुम्हाला?"

"कोण बोलणार? कोणी काही बोलत नसतं. पोराला गणवेश दिला, मापं माझ्याकडूनच घ्यायला लावली. मीच बाह्या आखूड केल्या." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. "मी उद्या-परवा जाणार. त्याला इथेच राहायचंय."

नातू म्हणाला, "मी नाही सांगितलं पुसायला. मी काहीच नाही म्हटलं." हे खरं होतं. तो काहीच म्हणाला नव्हता.

बाबांनी आत्याला दाराबाहेर ओढलं. मी दारातच होते, सगळं ऐकू येत होतं. "ताई, म्हातारा घाबरलाय. 'पुसलं' म्हण आणि घरी चल. हात जोडतो. आपल्या सगळ्या लोकांचा प्रश्न आहे."

"आणि उद्या तिथे दाखवू? त्यांना न विचारता?"

"विचारत काय बसलीस! टोपीवाल्याने विचारलं होतं का?"

"तेच तर म्हणतेय," आत्या म्हणाली.

"मग ते जिंकतील."

"हो."

"ताई, तुझ्या कायद्यापायी टेकडी जाईल!"

आत्याचं नाक लाल झालं होतं. असं वाटलं, आता ती बाबांचं ऐकेल. मनातून मी म्हणत होते, ऐक गं, ऐक. खोटं बोल. लग्नात नाही का सांगत, 'नवरा अगदी राजबिंडा आलाय', तसंच एकदा.

ती आत गेली. आजोबांच्या शेजारी खाटेवर बसली आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्याकडे वळवला. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'नक्की पुसायचं? हो. नाही.'

"हे बघा, यंत्र विचारतंय," ती म्हणाली.

आजोबांनी डोळे बारीक करून वाचलं. "बरंय. आमच्या वेळच्या पेटीला एवढी रीत नव्हती." मग त्यांनी स्वतःच बोट पुढे केलं. सुईने टोचून टोचून दगडासारखं झालेलं बोट. यंत्राला ते बोट कळेचना. त्यांनी दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. माझ्या मनात आलं, आता थांबतील. आत्याने त्यांचं बोट धरलं, बाजूला ठेवलं आणि स्वतः 'हो'वर दाबलं.

खाटेवर आजोबा रडायला लागले. आत्याने कॅमेरा पिशवीत घातला आणि चेन लावली.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत ती उभी राहिली आणि तोंडी सांगायला लागली. चुली, गुरं, लंगडा चुलता. अधिकारी ऐकत होते, खोटं कशाला बोलू. मग चष्मा वर सरकवला. "हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही. ऐकलंय."

"कोणाकडून?"

आत्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला. नाव घेतलं असतं तर पुसून काय उपयोग?

"चित्रीकरण करणार होतात ना?"

"केलं होतं. राहिलं नाही."

वकीलबाईंनी इस्त्रीचं बोलणं काढायचीही तसदी घेतली नाही. नुसत्या खाली बघून हसल्या. निकाल आला तो आम्हाला फाटकावर चिकटवलेल्या कागदावरून कळला. कागदाच्या बाजूला शिंपी आजोबांचा नातू उभा होता, बाह्या अगदी मापात.

यंत्रं चढवण्याआधी कंपनीने एक समारंभ ठेवला. टेकडीची 'आधीची' फिल्म काढायची होती, नंतरच्या फिल्मला जोडायला. आमच्या लोकांना बोलावलं होतं, ट्रकही पाठवला. का गेलो, विचारू नका. म्हाताऱ्यांना एकदा वर जायचं होतं. शिंपी आजोबांना बाबांनी पाठीवर घेतलं. आत्या आली, रिकाम्या हाताने. खांद्यावर पिशवी नसली की ती एका बाजूला कललेली दिसते.

कंपनीचा कॅमेरावाला तरुण होता, गोड बोलायचा. "काका, मावशी, प्लीज हं, जरा कॅमेऱ्याच्या मागे या सगळे. फ्रेममध्ये फक्त निसर्ग हवाय." सगळे मागे आले. ऊन पाठीवर होतं. समोर गवत, त्यात कुठेतरी झरा, कुठेतरी सपाट दगड. आजोबा बाबांच्या पाठीवरून मान लांब करून बघत होते.

त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. मग मागे वळला.

"सॉरी हं. सावल्या येताहेत खाली. अजून थोडं मागे व्हाल?"

मी आत्याकडे बघितलं. ती गवतावरच्या सावल्यांकडे बघत होती. गोल गोल, एकाला एक लागून. एक सावली दोन डोक्यांची होती, बाबा आणि त्यांच्या पाठीवर आजोबा. कोणीच हललं नाही. तेवढ्यात नातू फाटकावरून पळत आला. "आजोबा, मागे. साहेब बघताहेत."

"चल रे," आजोबा बाबांच्या कानात म्हणाले. "त्याचं काम बिघडेल."

बाबा मागे सरले. मग बाकीचे. आत्या सगळ्यात शेवटी, पण सरली. गवत एकदम मोकळं झालं. कॅमेरावाला खूष. "परफेक्ट!"

आता टेकडी अर्धी राहिली आहे. आजोबांची खोली बंद आहे. ते गेले तेव्हा नातवाने आत्याला विचारलं, एखादं चित्रीकरण असेल का त्यांचं, आवाज तरी? आत्या म्हणाली, "नाही रे." ती त्यानंतर कोणा म्हाताऱ्याच्या घरी गेली नाही. तसं फारसं कोणी उरलंही नाही.

लग्नं मात्र घेते. पण हल्ली गिऱ्हाइकं तक्रारी घेऊन येतात. परवा एका नवरदेवाचे वडील स्टुडिओत आले. "बाई, काय हे! माझ्या पोराच्या अख्ख्या लग्नात खाली काळी काळी डोकी! नवरीच्या पायांवर सावल्या, सोफ्यावर सावल्या. लोकांना मागे व्हा म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

आत्याने सुतळीला बांधलेला कंगवा सरळ केला.

"ती तुमचीच माणसं आहेत," ती म्हणाली. "आली होती ना लग्नाला?"

"असतील! पण दिसतंय का कोण आहेत ते?"

"नाही," आत्या म्हणाली. ते गृहस्थ तणतणत गेले. त्यांच्यामागून त्यांच्या गल्लीतली पुढची दोन लग्नंही गेली. बस थांब्यावर एक बस आली, रिकामी झाली, पुढे गेली. आत्या निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिली, गिऱ्हाइकाच्या जागेवर.